पाप माफ झालं, सात-बाऱ्याचं काय?

उपवासकाळ तोंडावर आलाय. राखेचा बुधवार झाला की आपल्या वसईत कन्फेशनच्या रांगा लागतील. निर्मळ, नंदाखाल, गास, रमेदी, सांडोर, कुठेही जा. शेजारच्या धर्मग्रामांतून चार-पाच फादर मदतीला येतात, चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात खुर्च्या टाकून बसतात आणि तास-दीड तासात अख्खं गाव मोकळं होतं. दोन मिनिटं पाप, अर्धा मिनिट उपदेश, तीन नमो मरिया, पुढचा या.

माझं भांडण या रांगेशी नाही. पापनिवेदन हा संस्कार आहे आणि मी तो मानतो. आपल्या तोंडाने आपलं पाप दुसऱ्या माणसासमोर सांगायला लावणारा धर्म सोपा नाही. माझं भांडण आहे ते या रांगेत जे कधीच सांगितलं जात नाही त्याच्याशी.

लगेच कोणीतरी विचारेल, "तुला रे कसं कळलं आत कोण काय सांगतं?" बरोबर आहे. आत काय बोललं जातं ते मला माहीत नाही आणि माहीत असूही नये. ते गुपित फोडणारा फादर त्याच क्षणी ख्रिस्तसभेबाहेर पडतो, इतका कडक तो नियम आहे. पण आत काय बोललं गेलं ते कळत नसलं तरी बाहेर काय बदललं नाही ते सगळ्या गावाला दिसतं. बावखल बुजवल्याचं पाप कोणी मनापासून सांगितलं असतं, तर बुजवलेलं एखादं तरी बावखल ज्याने बुजवलं त्यानेच पुन्हा खणून दिलं असतं. मी तरी असं बावखल पाहिलेलं नाही. उरलीसुरली साफ करायला पोरं श्रमदान करतात. बुजवणारे पुढच्या बाकावर बसलेले असतात.

नव्या लोकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे आपल्या वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. त्याच्यावर रहाट चालायचे. केळी, पानवेली, मोगरा, भाजी सगळं त्याच्यावर. समुद्र इतका जवळ असूनही वसईचं पाणी गोडं राहिलं ते या व्यवस्थेमुळे. मग गुंठ्याचा भाव वाढला. रात्री डंपर आले, डेब्रिज पडलं, सकाळी तिथे सपाट प्लॉट. आता पावसाळ्यात तेच पाणी लोकांच्या घरात शिरतं आणि उन्हाळ्यात विहिरीला मचूळ पाणी येतं. जुलै २०१८ आठवा. गाड्या बंद, वीज गायब, मिठागरातली माणसं पाण्यात अडकलेली. तेव्हा आपण सगळ्यांनी महापालिकेला शिव्या दिल्या. द्यायलाच हव्या होत्या. पण ज्या ज्या जागी पाणी तुंबलं तिथे आधी काय होतं, ते कोणी विकलं, कोणी बुजवलं, याची यादी कोणी केली का? केली असती तर त्यात आपलीच आडनावं निघाली असती. डिसोजा, डाबरे, लोपीस, परेरा, घोन्साल्विस, तुस्कानो. माझंही आडनाव याच यादीतलं कुठलंतरी आहे, म्हणून कोणी अंगावर घेऊ नका.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची चळवळ आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जेव्हा बिल्डर आणि गुंडांपुढे तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती, तेव्हा एक धर्मगुरू जमीन आणि पाणी हा श्रद्धेचा विषय आहे असं धरून रस्त्यावर उतरला. टँकरने उपसल्या जाणाऱ्या विहिरींसाठी बायाबापड्या उभ्या राहिल्या. २०२४ च्या जुलैत फादर गेले तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचा फोटो होता. पण त्या काळातल्या गुंडांना नावं ठेवणं आज फुकट आहे. नंतरच्या तीस वर्षांत वसई विकली ती पिस्तुलाच्या धाकाने नाही. कोऱ्या पेपरवर, चहा पिऊन, अर्धे चेक आणि अर्धे कॅश घेऊन विकली. टँकरवाला बाहेरचा असेल, विहीर कोणाची होती?

आता जरा दुसरा विषय, आणि हा जास्त झोंबणार आहे. बहिणीची सही.

बाप गेला की तलाठ्याकडे वारसनोंद होते. सात-बाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं चढतात. मग सहा महिन्यांत एक दिवस बहिणीला फोन येतो, "रविवारी जेवायला ये, आणि सोमवारी जरा रजिस्ट्रार ऑफिसला जायचंय." साडी होते, जेवण होतं, हक्कसोडपत्र होतं. कायद्याने आपल्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. भारतीय वारसा कायदा १९२५ चा आहे, शंभर वर्षं झाली. केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती बायकांना निदान वेगळा कायदा आडवा येत होता. १९१६ च्या त्या कायद्यात मुलीला मुलाच्या पाव वाटा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. मेरी रॉय सुप्रीम कोर्टापर्यंत लढल्या आणि १९८६ मध्ये तो अडथळा गेला. आपल्याकडे असा कुठलाही कायदा आडवा नव्हता. आपल्याकडे आडवी येते ती साडी, आणि "भावाशी वाकडं घेऊन माहेर तोडू नको" हे वाक्य.

सगळ्याच हक्कसोडपत्रांत पाप असतं असं मी म्हणत नाही. बहिणीने समजून, खुशीने दिलं असेल तर तो तिचा मोठेपणा. पण तिला जमिनीचा आजचा भाव सांगितला होता का? त्याच जमिनीचं बिल्डरशी बोलणं आधीच झालंय हे सांगितलं होतं का? नसेल, तर त्याला आपल्या धर्मात एक साधा शब्द आहे. चोरी. सातवी आज्ञा. आणि मग तोच भाऊ दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे असतो, आणि तीच बहीण भाड्याच्या वन रूम किचनमधून येऊन मागच्या बाकावर बसते. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. बायबलात 'भाऊ' लिहिलंय म्हणून बहीण सुटली असं समजू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

आपल्या धर्मशिक्षणात, म्हणजे अगदी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गापासून, पापनिवेदनाचे टप्पे शिकवतात. आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निर्धार, पाप सांगणं, प्रायश्चित्त. पोरं पाठ म्हणतात. पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून हळूच गाळून टाकली आहे. भरपाई. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद १४५९ उघडा. त्याचा अर्थ असा की पापामुळे शेजाऱ्याचं नुकसान झालं असेल तर ते शक्य तेवढं भरून दिलंच पाहिजे. चोरलेलं परत करा, ज्याची बदनामी केली त्याचं नाव सावरा, ज्याला इजा केली त्याला भरपाई द्या. पापक्षमेने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. परिच्छेद २४०९ मध्ये तर यादीच आहे. धंद्यातली फसवणूक, अन्यायाची मजुरी, भ्रष्टाचार, करचुकवेगिरी, खोटी बिलं. पुढे २४१२ मध्ये पुन्हा तेच, परत करा. हे काही कुठल्या कम्युनिस्टाने लिहिलेलं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मंजूर केलेलं पुस्तक आहे.

म्हणजे ज्याने जमिनीत कोणाला फसवलं, आणि परत देणं हातात असूनही द्यायची तयारीच नाही, त्याच्या त्या तीन नमो मरियांचा हिशेब लागत नाही. त्याला पश्चात्तापच झालेला नाही. आणि पश्चात्ताप नसेल तर फादरने हात वर करून शब्द उच्चारले तरी माफीही लागू होत नाही. हे मी म्हणत नाही, आपली ख्रिस्तसभाच शिकवते.

जक्कय आठवतोय ना? यरीहोचा जकातदार, बुटका, झाडावर चढलेला. लहान मुलांच्या गाण्यात आपण झाड ठेवलंय आणि पैसे वगळलेत. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. येशूने ते मागितलेलंही नव्हतं, तो नुसता त्याच्या घरी उतरला होता. आणि या घराला तारण मिळालं असं येशू म्हणतो ते जक्कयने आकडा सांगितल्यावर.

त्याच्या उलट गोष्ट आहे नाबोथाच्या द्राक्षमळ्याची. पहिला राजे, अध्याय २१. मला वाटतं वसईच्या प्रत्येक चर्चमध्ये वर्षातून एकदा ही गोष्ट वाचलीच पाहिजे. आहाब राजाला नाबोथाचा मळा हवा असतो, राजवाड्याला लागून आहे म्हणून. भाव चांगला देतो म्हणतो, बदली जमीन देतो म्हणतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राजा तोंड फिरवून पलंगावर पडतो. मग राणी ईजबेल राजाच्या शिक्क्याने पत्रं लिहिते, दोन खोटे साक्षीदार उभे करते, गावातली वडीलधारी मंडळी मान डोलावतात आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारतात. राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. खोटे कागद, खोटे साक्षीदार, गप्प बसलेली प्रतिष्ठित माणसं. कुठल्या तहसील कचेरीतली गोष्ट वाटते की नाही?

एलीया संदेष्टा तिथेच, त्या मळ्यातच, त्याला गाठतो. आहाब घाबरतो. कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो. देव त्याच्यावरची शिक्षा पुढे ढकलतो. पण नीट वाचा. आहाबने उपास केला असं लिहिलंय. मळा परत केला असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि शिक्षा रद्द झाली नाही, त्याच्या मुलाच्या काळावर गेली. पाणी तुंबलेल्या वसईत आज कोणाची पोरं राहतात ते मी सांगायची गरज नाही.

"पण कन्फेशन खासगी असतं, तुम्ही चव्हाट्यावर कशाला आणता?" हा प्रश्न मला मागच्या वेळी चार जणांनी विचारला. सांगणं खासगी आहे, अगदी मान्य. कोणी चर्चच्या माइकवरून आपलं पाप ओरडावं असं मी म्हणत नाही. पण तिजोरीतून पैसे परत जाणं, बहिणीच्या नावावर चार गुंठे चढणं, मजुराची राहिलेली मजुरी पोचणं, या गोष्टी कबुलीजबाबाच्या खुर्चीत होत नसतात. त्या बाहेरच होतात.

आणि खासगी हा शब्द आपण फार सोयीने वापरतो. ख्रिस्तसभेची पहिली काही शतकं मोठ्या पापांचं प्रायश्चित्त सगळ्यांच्या देखत असायचं. इ.स. ३९० मध्ये सम्राट थिओडोसियसने थेस्सलनीकात हजारो माणसं कापून काढली. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी त्याला कळवलं की प्रायश्चित्त केल्याशिवाय तुझ्यासमोर मी मिस्सा अर्पण करू शकत नाही. जगाचा मालक होता तो माणूस. त्याने राजवस्त्रं उतरवून चर्चमध्ये लोकांसमोर क्षमा मागितली, आणि ख्रिस्तजयंतीला त्याला परत आत घेतलं. कानात सांगायची पद्धत नंतर आयरिश मठवासीयांनी पसरवली, वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केलंच पाहिजे हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला, आणि जाळीची पेटी तर सोळाव्या शतकातली, मिलानच्याच चार्ल्स बोरोमिओंनी रूढ केलेली. पेटी माणसाची लाज राखण्यासाठी आली. लुटीचा माल लपवण्यासाठी नाही.

आता वरच्यांबद्दल. नाहीतर म्हणाल, लोकांनाच झोडपतो, चर्चला सोडतो.

जानेवारी २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस चिलीला गेले. तिथल्या एका बिशपवर आरोप होता की एका धर्मगुरूने केलेलं मुलांचं लैंगिक शोषण त्यांनी पाहून झाकलं. पोप पत्रकारांसमोर म्हणाले की पुरावा नाही, ही बदनामी आहे. पीडित लोक हादरले. मग पोपनी चौकशीला माणसं पाठवली, चौसष्ट जणांच्या साक्षी झाल्या, आणि एप्रिलमध्ये त्याच पोपनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहिलं की माझ्याकडून गंभीर चुका झाल्या. तीन पीडितांना व्हॅटिकनमध्ये आपल्या निवासात बोलावलं, समोर बसून क्षमा मागितली. मे महिन्यात चिलीच्या बिशपांनी एकजात राजीनामे दिले आणि जूनमध्ये त्या बिशपचा राजीनामा स्वीकारला गेला. आधी चूक केली, मग ऐकलं, मग कबूल केलं, मग खुर्ची काढून घेतली. कॅथोलिक कबुली अशी असते. पोपला ती जमते आणि आपल्याकडे एखाद्या संस्थेचा हिशेब मागितला, शाळेच्या डोनेशनची पावती मागितली, चर्चच्या जमिनीचा व्यवहार कोणाच्या सहीने झाला विचारलं, तर "फादरच्या विरोधात बोलतो, श्रद्धा कमी झालीय" असं उत्तर येतं. श्रद्धा आहे म्हणूनच विचारतोय हो. ज्याची नाही तो कधीच निघून गेलाय, कॅनडाला.

याच पोप फ्रान्सिसनी, अजून अर्जेंटिनात होते तेव्हापासून, पापी आणि भ्रष्ट यांत फरक केला होता. पापी माणूस पडतो, त्याला लाज वाटते, तो क्षमा मागतो. भ्रष्ट माणसाला क्षमेची गरजच वाटत नाही, कारण त्याने पापाची सवय करून त्याला सभ्यपणाचे कपडे घातलेले असतात. २०१४ च्या मार्चमध्ये सेंट पीटर्समध्ये सगळ्यांच्या देखत ते स्वतः एका साध्या फादरपुढे गुडघे टेकून बसले होते, तो फोटो जगभर गेला. आपल्याकडे देणगीदाराचं नाव संगमरवरावर कोरतात. देणगी कुठून आली ते कोणी विचारत नाही.

आणि सगळ्यात मोठा आक्षेप, जो आजकाल प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येतो. "काळ वाईट आहे. आपण अल्पसंख्य. बाहेरचे टपूनच बसलेत. आत्ता आपलीच लक्तरं कशाला दाखवायची?"

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. भीती खोटी नाही. पण विचार करा, बाहेरच्या माणसाला आपण दिसतो कुठे? मिस्सेत तो येत नाही. तो आपल्याला बघतो ते जमिनीच्या सौद्यात, दुकानात, सोसायटीत, नाक्यावर. विक्रमगड, जव्हारहून आलेला वारली मजूर आपल्या बंगल्याचं काम करतो, आणि शेवटच्या आठवड्याची मजुरी "उद्या ये" म्हणून ठेवून घेतली की त्याच्या लेखी ख्रिस्ती धर्म म्हणजे तेवढाच असतो. मजुराची दाबलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते असं याकोबाच्या पत्रात आहे. आपल्या पारंपरिक शिकवणुकीतही स्वर्गाकडे टाहो फोडणारी जी पापं मोजली आहेत, त्यांत खुनाच्या शेजारी हे पाप आहे. मोर्चाला शेजारी उभे राहावेत असं वाटत असेल तर त्यांचे पैसे आधी देऊन टाका.

आता मागणी. दरवर्षी उपवासकाळात आत्मपरीक्षणाची एक पत्रिका चर्चमध्ये वाटतात. त्यात प्रश्न असतात, मिस्सा चुकवली का, खोटं बोललो का, रागावलो का, वाईट चित्रं पाहिली का. राहू द्यात. त्यांच्याखाली हेही छापा. वारसाहक्काच्या जमिनीत बहिणीला, विधवा वहिनीला खरा भाव सांगून सही घेतली का? ओढा, बावखल, विहीर बुजवली का, बुजवू दिली का? व्यवहारात किती कॅश घेतली आणि कर किती बुडवला? कामगाराचे पैसे कोणाचे राहिलेत? मतासाठी पाकीट घेतलं का? ग्रामसभेत खरं माहीत असून गप्प बसलो का? आणि प्रत्येक प्रश्नाखाली एक रिकामी ओळ ठेवा: परत काय देणार आणि कधीपर्यंत.

फादर लोकांना विनंती एवढीच की समोरचा "लोभ केला" एवढं म्हणून पुढे सरकला, तर प्रेमाने एक प्रश्न विचारा, "कोणाचं काय राहिलंय?" रांग लांबेल. लांबू दे.

मसुदा दोन पानांचा तयार आहे. आमच्या पॅरिश कौन्सिलला पुढच्या रविवारी देतोय, सोबत चर्चचा वार्षिक हिशेब नोटीस बोर्डावर लावा असाही अर्ज आहे. सतरा सह्या झाल्यात, त्यातल्या अकरा बायकांच्या. ज्यांना आपल्या धर्मग्रामात द्यायचा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो. छापायला जायला दहा दिवस आहेत.